कोणतं रॉ सॉफ्टवेअर घेऊ?

प्रश्न : मी व्यावसायिक फोटोग्राफर आहे. अर्धं काम समारंभांचं, अर्धं स्टुडिओतलं, म्हणजे वस्तूंचे फोटो आणि पोर्ट्रेट. मी कॅनन वापरतो, माझा सहकारी सोनी. बरीच वर्षं अ‍ॅडोबी लाइटरूम क्लासिकमध्ये काम करतोय आणि सगळं जुनं काम एकाच कॅटलॉगमध्ये, म्हणजे फोटोंच्या आणि त्यांवरच्या बदलांच्या एकाच नोंदवहीत आहे. एका समारंभाचे तीन-साडेतीन हजार फोटो होतात आणि ते द्यायला आठवडे लागतात. एक मित्र म्हणतो, कॅप्चर वनचे रंग पाहिलेस की लाइटरूमकडे वळून बघणार नाहीस. दुसरा म्हणतो, डीएक्सओसारखा नॉइज, म्हणजे अंधारातल्या फोटोत येणारे दाणे, कुणालाच काढता येत नाही. तिसरा फुकट मिळणारं डार्कटेबल वापरतो आणि मी सबस्क्रिप्शन भरतो म्हणून मला हसतो. पैसे भरत राहण्याचा मलाही वैताग आलाय, पण थांबवले तर जुन्या कामाचं काय होईल, ही भीती आहे. एकदाच नीट ठरवायचंय. रॉ फाइलमधून, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीतून, सगळ्यांत चांगला फोटो काढून देणारं सॉफ्टवेअर कोणतं? आणि सगळ्या फाइली डीएनजी या खुल्या रॉ स्वरूपात बदलून ठेवू का?

उत्तर : तुमचे तिन्ही मित्र आपापल्या जागी बरोबर आहेत, पण त्यांच्यापैकी कुणीच तुमची तक्रार ऐकलेली दिसत नाही. तुमचा प्रश्न आहे ‘सगळ्यांत चांगला फोटो’ आणि तक्रार आहे ‘आठवडे लागतात’. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. समारंभांसाठी लाइटरूम क्लासिकच ठेवा. स्टुडिओसाठी कॅप्चर वन वापरून पाहा, तेही शूट चालू असताना क्लायंट स्क्रीनसमोर बसत असेल तरच. डीएक्सओ घेतलंत तर अंधारातल्या मोजक्या फोटोंपुरतं, मदतनीस म्हणून. डार्कटेबल उत्तम आहे, पण आजच्या घडीला तुमच्यासाठी नाही. आणि जुना कॅटलॉग कुठेही हलवू नका. आता कारणं.

‘सगळ्यांत चांगला फोटो’ या प्रश्नात थोडं खोलात जायला हवं, कारण सगळी भांडणं तिथेच होतात. कॅमेऱ्याचा सेन्सर रंगीत फोटो टिपत नाही. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी अशी एकच काचपट्टी असते. निम्म्या पिक्सेलवर हिरवी, पाव भागावर लाल, पाव भागावर निळी. ही रचना कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, 1976 च्या पेटंटमधली, आणि तुमच्या कॅननमध्ये आणि सहकाऱ्याच्या सोनीमध्ये आजही तीच आहे. म्हणजे तयार फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलच्या तीन आकड्यांपैकी एकच आकडा खरोखर मोजलेला असतो. उरलेले दोन शेजाऱ्यांकडे बघून सॉफ्टवेअर ठरवतं. या कामाला डीमोझेकिंग म्हणतात. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, त्यामुळे फरक पडतोच. पण चांगल्या उजेडात, कमी आयएसओवर (म्हणजे सेन्सरची कमी संवेदनशीलता), नीट एक्स्पोज केलेल्या फोटोत हा फरक दोनशे टक्के झूम करून शोधावा लागतो. तुमचा क्लायंट तसा शोधत बसत नाही.

मग मित्राला कॅप्चर वनमध्ये एवढा फरक दिसला कसा? त्याला दिसला तो रंगांचा आणि टोन कर्व्हचा, म्हणजे उजेड-अंधाराच्या वाटपाचा, फरक. कोणतंही सॉफ्टवेअर रॉ फाइल उघडताना स्वतःचं एक प्रोफाइल, म्हणजे मोजलेल्या आकड्यांचे रंग कसे करायचे याचा नियम, लावतं. लाइटरूममध्ये 2018 पासून सुरुवातीला ‘अ‍ॅडोबी कलर’ लागतं. कॅप्चर वनमध्ये त्या-त्या कॅमेऱ्यासाठी बनवलेलं आयसीसी प्रोफाइल आणि सोबत त्यांचा कर्व्ह. कॅप्चर वनची सुरुवात कॉन्ट्रास्ट आणि त्वचेच्या रंगात जरा जास्त ‘तयार’ दिसते. ती डोळ्यांना आवडते हे खरं आहे, पण फाइल उघडताक्षणी जे आवडलं त्याला गुणवत्ता म्हणू नका, तो सुरुवातीचा बिंदू आहे. लाइटरूममध्ये प्रोफाइल बदलून ‘कॅमेरा मॅचिंग’ गटातलं एखादं लावून बघा. कॅननच्या पिक्चर स्टाइलच्या बरंच जवळ जाल. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसलेलाच रंग हवा असेल तर कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं आणि ते कॅमेऱ्यातल्या सगळ्या सेटिंग जशाच्या तशा पाळतं. त्यात तीन हजार फोटो काढायला बसू नका एवढंच.

दोन सॉफ्टवेअरची तुलना करायचीच असेल तर आधी दोन्हीकडे एकाच राखाडी ठिपक्यावरून व्हाइट बॅलन्स घ्या, उजळपणा सारखा करा, शार्पनिंग आणि नॉइज रिडक्शन बंद करा, आणि मग बघा. एवढं केल्यावर अर्ध्याअधिक चर्चा संपतात.

अर्ध्याअधिक म्हटलं, सगळ्या नाही. काही फोटोंत फरक खरा असतो आणि मोठा असतो. त्यात पहिला नंबर अंधाराचा. आयएसओ 6400 च्या वर गेलात की नॉइज काढण्याची पद्धत निर्णायक ठरते, आणि इथे तुमचा दुसरा मित्र बरोबर आहे. डीएक्सओने 2020 मध्ये फोटोलॅब 4 सोबत डीपप्राइम आणलं. त्यात डीमोझेकिंग आणि नॉइज काढणं हे दोन वेगळे टप्पे न ठेवता एकत्रच होतात. म्हणून ते रॉ फाइलवरच चालतं, जेपीईजीवर नाही. अ‍ॅडोबीने तशाच धर्तीचं डीनॉइज एप्रिल 2023 मध्ये लाइटरूममध्ये घातलं. त्याआधी डीएक्सओची आघाडी स्पष्ट होती, आता ती बरीच कमी झाली आहे. मित्राचं मत कदाचित त्याआधीचं असेल. सॉफ्टवेअरबद्दलची मतं लवकर शिळी होतात आणि माणसं ती बदलत नाहीत.

दुसरा खरा फरक रंगीत एलईडी दिव्यांचा. समारंभाचे फोटो काढता म्हणजे हा त्रास तुम्हाला ठाऊक असणार. स्टेजवर गडद निळा किंवा जांभळा उजेड असतो, चेहऱ्यावर एक सपाट निळा डाग पडतो आणि त्यात नाक-डोळे हरवतात. फोटो ओव्हरएक्स्पोज झालेला नसतो; एकटा निळा चॅनेल भरून वाहिलेला असतो आणि लाल-हिरव्यात जवळजवळ काहीच नसतं. शिवाय असा रंग एसआरजीबीच्या, म्हणजे साध्या पडद्यावर दिसू शकणाऱ्या रंगांच्या, मर्यादेबाहेरचा असतो. या ठिकाणी प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळं वागतं. कुठे निळ्याचा जांभळा होतो, कुठे तपशील थोडा वाचतो, कुठे कडा फाटल्यासारख्या दिसतात. लाइटरूममध्ये कॅलिब्रेशन पॅनेलमधलं ब्लू प्रायमरीचं सॅच्युरेशन खाली आणलं की चेहरा बऱ्याचदा परत सापडतो. पॅनेल सगळ्यांत तळाशी आहे म्हणून फारसं कुणी तिथवर जात नाही. कॅप्चर वनमध्ये हेच काम कलर एडिटरमध्ये करता येतं. डार्कटेबल इथे फार समजूतदार आहे, कारण त्याची सगळी रचनाच दृश्यातला मूळ उजेड धरून चालते आणि पडद्यात बसवण्याचं काम शेवटी करते.

तिसरा फरक भाजून गेलेल्या हायलाइटचा, म्हणजे पार पांढऱ्या पडलेल्या उजळ भागांचा. एखादा चॅनेल शिल्लक असेल तर बाकीचे अंदाजाने भरता येतात, आणि हा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. यासाठी सॉफ्टवेअर बदलायची गरज सहसा पडत नाही. कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, जेपीईजीवरून काढलेला असतो आणि तो बऱ्याचदा घाबरवतो. रॉमध्ये खरोखर काय उरलंय ते फास्टरॉव्ह्यूअरसारख्या छोट्या प्रोग्रॅममध्ये दिसतं.

आता तुमच्या आठवड्यांकडे वळू. पुढच्या समारंभाचं काम करताना एक कागद शेजारी ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ गेला ते लिहा : कार्ड उतरवणं, निवड, रंग आणि उजेड, रिटचिंग, एक्स्पोर्ट, क्लायंटच्या उत्तराची वाट. माझी पैज आहे की सगळ्यांत मोठा आकडा निवडीपुढे असेल. आणि निवडीसाठी रॉ प्रक्रियेची गरजच नसते. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने बनवलेला एक जेपीईजी असतो. फोटो मेकॅनिक नावाचं निवडीचं सॉफ्टवेअर तोच दाखवतं, म्हणून त्यात पुढचा फोटो बोट उचलायच्या आत येतो. वृत्तछायाचित्रकार वर्षानुवर्षं ते वापरतात ते याच कारणासाठी. लाइटरूम मात्र सरळ इम्पोर्ट केलं की प्रत्येक फोटोचा स्वतःचा प्रीव्ह्यू बनवत बसतं आणि तुम्ही फिरत्या चक्राकडे बघत बसता. नवं काही घेण्याआधी इम्पोर्टच्या खिडकीत प्रीव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ हा पर्याय निवडून बघा. एवढ्याने भागलं तर तुमचा अर्धा प्रश्न फुकटात सुटला. नाही भागलं तर निवड फोटो मेकॅनिकमध्ये करा आणि निवडलेले फोटोच लाइटरूममध्ये आणा. साडेतीन हजारांऐवजी सहाशे आले की मशीनही वेगळंच वाटायला लागेल.

निवड करताना तारे वापरा. झेंडे, म्हणजे फ्लॅग, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पोचतील याचा भरवसा नाही. रंगीत लेबलचीही गंमत आहे : फाइलमध्ये रंग नाही, रंगाचं नाव शब्दात लिहिलेलं असतं, आणि दोन सॉफ्टवेअरमध्ये तो शब्द जुळला नाही की लेबल पांढरं पडतं. तारे, कीवर्ड आणि कॅप्शन बहुतेक सगळीकडे जातात.

समारंभांसाठी लाइटरूम ठेवा असं मी का म्हणतो? एक, तुमचे हात त्यावर बसलेले आहेत, आणि मोठ्या संख्येच्या कामात हाताची सवय हीच खरी गती. दोन, एका फोटोची सेटिंग शेकडो फोटोंना लावताना मास्क, म्हणजे फोटोच्या ठरावीक भागापुरत्या निवडी, प्रत्येक फोटोत नव्याने शोधले जातात. 2021 मध्ये विषय आणि आकाश ओळखणारे मास्क आले, पुढच्या वर्षी माणसं, चेहऱ्याची त्वचा, डोळे वेगळे ओळखणारे. ‘चेहरा थोडा उजळ, मागचं थोडं दाबलेलं’ अशी सूचना एकदा प्रीसेटमध्ये साठवली की ती पुढच्या फोटोत योग्य जागी बसते. कॅप्चर वनमध्येही आता असे मास्क आहेत, पण केवळ तेवढ्यासाठी इकडून तिकडे जाण्यात अर्थ नाही. तीन, सहकारी. लाइटरूमचा कॅटलॉग नेटवर्कवर ठेवून दोघांना एकाच वेळी उघडता येत नाही, ही त्याची खरी खोट आहे. पण प्रत्येक समारंभाचा वेगळा कॅटलॉग करा, त्यात स्मार्ट प्रीव्ह्यू, म्हणजे रॉच्या लहान प्रती, बनवा आणि तेवढाच सहकाऱ्याला द्या. स्मार्ट प्रीव्ह्यूची लांब बाजू 2560 पिक्सेल असते, रंग-उजेडाच्या कामाला ती पुरते, आणि मूळ रॉ फाइली तुमच्याकडेच राहतात. काम झालं की त्याचा कॅटलॉग परत घ्या आणि मूळ फाइलींशी जोडा. एक्स्पोर्ट तुमच्या मशीनवरून.

कॅनन आणि सोनीचे रंग जुळत नाहीत हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण जुळत नसणारच. बरेचजण याच कारणाने सॉफ्टवेअर बदलतात आणि नव्या सॉफ्टवेअरमध्येही तेच दुखणं घेऊन बसतात. चोवीस ठरलेल्या रंगांच्या चौकोनांचा कलरचेकर हा तक्ता घ्या, दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच उजेडात त्याचा फोटो काढा, त्यावरून प्रत्येकाचं डीसीपी प्रोफाइल (लाइटरूमला चालणारं रंग-प्रोफाइल) बनवा आणि इम्पोर्ट होतानाच ते आपोआप लागेल असं करा. शंभर टक्के जुळणार नाही. पण त्वचेचा रंग एका फोटोत गुलाबी आणि पुढच्यात पिवळट, असं होणार नाही. आणि काम सुरू करण्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवा, नाहीतर दोघांचे फोटो क्रमाने लागत नाहीत. हा रॉ सॉफ्टवेअरचा विषय नाही, तरी यात वाया जाणारे तास मी इतक्यांचे पाहिलेत की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

स्टुडिओचं गणित उलटं आहे. तिथे फोटो थोडे आणि प्रत्येक फोटोवर वेळ जास्त. केबलने कॅमेरा संगणकाला जोडून शूट करता ना? मग कॅप्चर वनचा विचार जरूर करा. हे सॉफ्टवेअर डेन्मार्कच्या फेज वन या मीडियम फॉरमॅट बनवणाऱ्या कंपनीत जन्मलं, म्हणजे मुळात स्टुडिओतच वाढलं. फोटो पडद्यावर लवकर येतो, आधीच्या फोटोची सेटिंग पुढच्याला आपोआप लागते, जाहिरातीचं लेआउट ओव्हरले म्हणून फोटोवर ठेवता येतं आणि कला दिग्दर्शकाला बाटली कुठे सरकवायची ते तिथल्या तिथे दिसतं. लाइटरूममध्येही असं केबलवरचं शूट, म्हणजे टेदरिंग, आहे, पण त्यातली कॅमेऱ्यांची यादी लहान आहे आणि दिवसभराच्या शूटमध्ये ते कॅप्चर वनइतकं निश्चिंत वाटत नाही.

कॅप्चर वनची दुसरी मोठी सोय म्हणजे सेशन. प्रत्येक शूटचं एक फोल्डर, त्यात चार ठरलेली फोल्डरं : कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट आणि ट्रॅश. तुमच्या सेटिंग फोटोंच्या शेजारीच एका उपफोल्डरमध्ये राहतात. फोल्डर उचलून दुसऱ्या मशीनवर ठेवलं की सगळं काम सोबत जातं. मध्यवर्ती कॅटलॉगची कटकट नाही. वस्तूंच्या फोटोंत कलर एडिटरही फार कामाचा. कापडाचा किंवा डब्याचा एकच रंग पकडून बाकी काही न हलवता जुळवता येतो. पोर्ट्रेटमध्ये त्वचेचे वेगवेगळे तुकडे एका रंगाजवळ आणणारी त्याची स्किन टोनची सोय मला आजवर इतरत्र इतकी सोपी दिसलेली नाही. मात्र शूट एकट्याने होत असेल, केबल लागत नसेल, क्लायंट फोटो दोन दिवसांनी बघत असेल, तर दुसऱ्या सॉफ्टवेअरचा खर्च आणि दोन ठिकाणी लक्ष ठेवण्याची डोकेदुखी घेऊ नका.

डीएक्सओबद्दल थोडक्यात. नॉइजखेरीज त्यांची खरी ताकद लेन्सच्या दुरुस्तीत आहे. कॅमेरा आणि लेन्सची प्रत्येक जोडी ते प्रयोगशाळेत मोजतात आणि तिचं मॉड्यूल देतात, त्यामुळे कडेची धार त्यांच्याकडे फार सुंदर येते. पूर्ण फोटोलॅब न घेता त्यांचंच छोटं प्युअररॉ घेतलंत तर अंधारातले वीस-तीस फोटो त्यातून काढून लीनियर डीएनजी (डीमोझेकिंग आधीच झालेली फाइल) म्हणून लाइटरूममध्ये आणता येतात आणि पुढचं काम नेहमीसारखं करता येतं. या फाइली मूळ रॉच्या दोन-तीन पट जड असतात, म्हणून सगळ्या समारंभावर हा प्रयोग नको. आणि त्याआधी लाइटरूमचं डीनॉइज त्याच फोटोंवर चालवून बघा. दोन्हीला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते नसेल तर एकेका फोटोला मिनिटं लागतील आणि मग ‘आठवडे लागतात’ ही तक्रार जागच्या जागी राहील.

डार्कटेबलवाल्या मित्राला हसू द्या, पण त्याचं सॉफ्टवेअर हसण्यावारी नेऊ नका. 2009 पासून स्वयंसेवक ते बनवतायत, आणि रंगाच्या बाबतीत ते जितका ताबा तुमच्या हातात देतं तितका इतर कुणी देत नाही. रॉथेरपीही तसंच, 2010 पासून मुक्त स्रोत, डीमोझेकिंगच्या पद्धती निवडून घ्यायची मुभा देणारं. अडचण शिकण्याच्या वेळेची आहे. मॉड्यूल खूप आणि नावं अभियंत्यांची. लाइटरूमचा हात बसलेला माणूस तिथे पहिले काही महिने नक्की मंदावतो, आणि तुमची तक्रार वेगाचीच आहे. दुसरी अडचण नव्या कॅमेऱ्यांची. कंपन्या रॉ फाइलचं स्वरूप बदलतात, उदाहरणार्थ कॅननने 2018 मध्ये सीआर2 सोडून सीआर3 आणलं, आणि मुक्त सॉफ्टवेअरला ते स्वरूप स्वतः उलगडावं लागतं. सीआर3 कधीच उलगडलं गेलं, पण प्रत्येक नव्या कॅमेऱ्याच्या वेळी थोडी वाट पाहावी लागू शकते. तुमच्याकडे मोकळा हंगाम असेल आणि उत्सुकता असेल तर स्वतःच्या, पैसे न मिळणाऱ्या फोटोंवर ते शिका. छान शिकाल.

सबस्क्रिप्शनच्या भीतीबद्दल. पैसे भरणं थांबवलं की लाइटरूम क्लासिक कुलूपबंद होत नाही. कॅटलॉग उघडतो, फोटो दिसतात, शोधता येतात, केलेल्या बदलांसह एक्स्पोर्टही करता येतात. बंद होतात ते डेव्हलप (फोटोवर काम करायचा) आणि मॅप (नकाशाचा) हे भाग आणि क्लाउडची देवाणघेवाण. म्हणजे जुनं काम हातात राहतं, फक्त त्यावर नवं काम करता येत नाही. आजचा नियम असा आहे. उद्या कंपनी तो बदलू शकते, म्हणून पुढची काळजी तरीही घ्या.

आणि ‘एकदाच घ्या, कायम वापरा’ या परवान्यावर फार भाळू नका. लाइटरूम 6 हे तसं विकलेलं शेवटचं. त्याला 2017 च्या अखेरीनंतर नव्या कॅमेऱ्यांचा आधार मिळाला नाही. पुढच्या वर्षी कॅननचा ईओएस आर घेतलेल्यांच्या रॉ फाइली त्यात सरळ उघडेनात. व्यावसायिक माणूस कॅमेरा बदलतोच, आणि कॅमेरा बदलला की कायमच्या परवान्यालाही पुन्हा पैसे लागतात. अ‍ॅपलच्या अ‍ॅपर्चरचा किस्सा याहून वाईट. 2005 मध्ये आलेलं, लोकांनी जीव लावलेलं सॉफ्टवेअर. 2014 मध्ये कंपनीने काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि 2019 च्या मॅकओएस कॅटलिनामध्ये ते चालेनासंच झालं. फोटो आणि तारे-कीवर्ड लोकांना बाहेर काढता आले, पण वर्षानुवर्षं केलेलं रंगकाम लाइटरूमला वाचता आलं नाही.

हे सगळीकडेच असं आहे. रॉ सॉफ्टवेअर मूळ फाइलला हात लावत नाही, ते फक्त सूचना लिहून ठेवतं, आणि सूचना म्हणजे आजीच्या वहीतल्या पाककृतीसारख्या असतात : ‘बेताचं मीठ’ किती ते आजीलाच कळतं. लाइटरूममधलं ‘हायलाइट उणे 40’ कॅप्चर वनला कळत नाही. कॅप्चर वन लाइटरूमचा कॅटलॉग आयात करतं खरं, पण क्रॉप, फिरवणं, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर असे मोजके बदल येतात आणि तेही अंदाजे. मास्क येत नाहीत. म्हणून जुना कॅटलॉग हलवू नका असं म्हटलं. तो आहे तिथेच गोठवा. ज्या कामांसाठी क्लायंट परत येतो, जे फोटो तुमच्या पोर्टफोलिओत आहेत, त्यांची पूर्ण आकाराची तयार फाइल एक्स्पोर्ट करून रॉच्या शेजारी ठेवा. बहुतेकांना उच्च दर्जाचा जेपीईजी पुरतो. अगदी निवडकांना 16 बिटची टिफ. पण 45 मेगापिक्सेलची अशी एक फाइल न आकसता 270 एमबीच्या आसपास जाते, तेव्हा हात आखडता ठेवा. लाइटरूममध्ये बदल एक्सएमपी, म्हणजे रॉच्या शेजारी राहणाऱ्या छोट्या मजकूर फाइलीतही लिहिले जातील ही सेटिंग चालू करा, ती मुळात बंद असते. त्याने व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या आवृत्त्या) आणि कलेक्शन (फोटोंचे गट) वाचत नाहीत, पण कॅटलॉग बिघडला तर मुख्य काम वाचतं. आणि लाइटरूम बाहेर पडताना जो बॅकअप घेतं त्यात फक्त कॅटलॉग असतो, फोटो नसतात. हे ठाऊक असेलच तुम्हाला. तरी एकदा बघून घ्या.

कॅप्चर वन किंवा डीएक्सओ तपासायचं ठरवलंत तर मुदतीची फुकट आवृत्ती मिळते. ती उतरवून मग फोटो शोधत बसू नका, मुदत तशीच संपते. आधी स्वतःचे चाळीसएक वाईट फोटो बाजूला काढा : निळ्या दिव्याखालचा चेहरा, खिडकीला पाठ केलेला माणूस, ट्यूबलाइट आणि ऊन एकत्र पडलेला गट, आयएसओ 12800 चा फोटो, बारीक विणीचं कापड, काळी चकचकीत बाटली. दोन्ही कॅमेऱ्यांचे घ्या. कंपनीच्या संकेतस्थळावरचे नमुने पाहून काही कळत नाही, ते त्यांनी निवडलेले असतात. मग आधीच देऊन झालेलं एक काम घ्या आणि ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डापासून एक्स्पोर्टपर्यंत पुन्हा करा, घड्याळ लावून. चालू काम त्यात घालू नका. आणि मॉनिटर कॅलिब्रेट केलेला नसेल तर यातलं काहीच करू नका, आधी ते उपकरण घ्या. नाहीतर रंगांची तुलना म्हणजे दोन अंदाजांची तुलना होईल.

राहिला डीएनजी. अ‍ॅडोबीने 2004 मध्ये हे स्वरूप आणलं, त्याची रचना उघड आहे आणि कल्पना चांगली आहे. पण कॅनन आणि सोनीने ते कॅमेऱ्यात घेतलं नाही. सगळं डीएनजी करून मूळ फाइली पुसल्यात तर कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर त्या उघडणार नाही, कॅप्चर वनमध्ये मूळ फाइलीला मिळणारं खास प्रोफाइल मिळेलच असं नाही, आणि उद्या आणखी चांगलं काही आलं तर त्याला देण्यासाठी मूळ माल तुमच्याकडे नसेल. शिवाय डीएनजीत बदल फाइलच्या आतच लिहिले जातात. एक तारा बदलला तरी बॅकअपला अख्खी फाइल नव्याने उचलावी लागते. एक्सएमपी असेल तर काही केबी. तेव्हा कॅननच्या मूळ सीआर3 आणि सोनीच्या एआरडब्ल्यू फाइली तशाच ठेवा. डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे. जुन्या सॉफ्टवेअरला नव्या कॅमेऱ्याची फाइल उघडत नसेल तेव्हा तेवढ्यापुरता वापरा. प्युअररॉमधून निघालेल्या जड डीएनजी मात्र काम पोचवून झालं आणि तयार फाइल जागेवर गेली की बिनधास्त पुसा, त्या पुन्हा बनवता येतात.